पिवळ्या कार्डावरचं अक्षर

सास्तूर, ता. लोहारा
२७ ऑक्टोबर २०२५

राजी,

काल रविवारी सकाळी साडेनऊला, गोठ्यापुढं उभं राहून मी तुझ्या मामांच्या ऑफिसातनं आलेलं लसीचं पिवळं कार्ड उघडलं आणि त्यावर तुझं अक्षर ओळखलं. त्या घटकेला माझं सगळं बदललं. मायना लिहीत न्हाय, खुशाली विचारत न्हाय. उत्तर दे.

नाही म्हणू नकोस. बारावीला तुझी जर्नलं उतरवून मी पास झालो. तुझ्या इंग्रजी k चा पाय खाली लांब ओढलेला असतो, सातला मधोमध आडवी काडी असते. माझं नाव, माझा पासपोर्ट नंबर, सगळं तुझ्या हातचं. दिवाळीत आपण येरमाळ्याच्या स्टँडसमोर तासभर उसाचा रस घेऊन बसलो. मी म्हणालो, तुझे मामा मला युगांडाच्या साखर कारखान्यात लावतायत. तू गिलासातला बर्फ हलवत बसलीस. तोंडातून शब्द न्हाय! आणि त्याच आठवड्यात मामांच्या ऑफिसात बसून तू माझ्या जाण्याचे कागद रंगवत होतीस?

मला कळतंय ते. तुला स्थळ आलंय. तुझ्या मामांनी, आण्णासाहेबांनी मला सांगितलं, "दोन वर्षं आफ्रिकेत काढ, माणूस होऊन ये, मग आमच्या भाचीचा विषय काढ." मी खुळा, हुरळलो. तू नर्सिंगला लातूरला गेलीस तेव्हा मला वर्गात बसवेना, कॉलेज सोडलं, घरच्यांची बोलणी खाल्ली. आता देश पण सोडायचा, आणि माझ्यामागं तुझ्या हातात बांगड्या भरायच्या, असं ठरलंय ना तुमचं मामा-भाचीचं?

विमान २४ नोव्हेंबरचं आहे. मी, आमच्या गल्लीतला धुळाप्पा, आणखी तिघं. धुळाप्पा तर मेंढरं चुलत्याच्या हवाली करून आत्ताच नवे बूट घालून हिंडतोय. सुईचंही आण्णासाहेबांनी निभावून नेलं. पुण्याच्या केंद्रावर हेलपाटे नकोत म्हणाले. "पिवळा ताप म्हंजे कावीळच की. तुझ्या बापानं निम्म्या तालुक्याची कावीळ उतरवली, त्याच्या पोराला कसली सुई?" निघायच्या आधी आबांना ऑफिसात बोलवून, चुन्याच्या पाण्यात आम्हा पाचही जणांचे हात धुवून घेणार आहेत. फेटा-नारळ देऊन आबांचा सत्कार पण आहे. आबा चार दिवस झाले कावीळ उतरवायचं ताट घासतायत.

तुझा फोन मामा तपासतात म्हणून ह्या चिठ्ठ्या तुझ्या रूममेटच्या, समृद्धीच्या नावानं धाडतो, चोरासारखा. तेवढी लाज बाळग आणि खरं लिही.

कृष्णराज


मुलींचं वसतिगृह, लातूर
३१ ऑक्टोबर

कृष्णा,

तुझ्या चार पानांतली दोनच वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. सुईची. बाकीचा राग नंतर काढू.

मला एका शब्दात सांग. तुला लस टोचली आहे की नाही? दंडावर, कातडीखाली, केंद्रातल्या माणसानं. हो की नाही?

अक्षर माझंच आहे. लपवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मामांनी एक वही पुढं ठेवली. म्हणाले, "पोरांना पुण्यात टोचून आणलंय, तिथं लई गर्दी, कार्डं कोरीच दिली शिक्का मारून. तुझं इंग्रजी वळणदार, एवढं उतरवून दे." वहीत तुझ्या नावापुढं १० ऑक्टोबर लिहिलं होतं. मी उतरवलं. मला वाटलं, तू पुण्याला जाऊन लस घेऊन आलास, आणि मला कळू दिलं नाहीस. म्हणून मी रसाच्या दुकानात गप्प होते. तुझ्यावर रागावले होते. तू स्वतःहून सांगशील याची वाट बघत होते.

पिवळा ताप म्हणजे कावीळ नाही. कावीळ हे लक्षण आहे, ती दहा कारणांनी होते. हा ताप एका डासातून येतो आणि त्यात पुढं माणूस पिवळा पडतो, म्हणून तसं नाव. चुन्याच्या पाण्यानं हात धुतल्यानं तो अडत नाही.

स्थळ आलं होतं. मी नाही म्हटलं. त्यावर एवढंच.

राजेश्वरी


सास्तूर
४ नोव्हेंबर

राजेश्वरीबाई,

एका शब्दात पाहिजे ना? नाही. १० ऑक्टोबरला मी सोयाबीनच्या मळणीवर होतो, नाकातोंडात भुसा. झालं समाधान?

आता माझं ऐका. दोन वर्षं नर्सिंग शिकली की माझ्या बापाची अक्कल काढायची मुभा मिळते का? आठवीत असताना तू हळदीसारखी पिवळी पडली होतीस. तुझी आई, तेव्हा जिवंत होती बिचारी, तुला कडेवर घेता येत नव्हतं म्हणून बैलगाडीत घालून आमच्या दारात आली. कुणी ताट मांडलं? कुणी तुझे हात धुतले? पाणी पिवळं झालेलं मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा न्हाय तुला लक्षणं आणि कारणं आठवली!

आणि स्थळाला नाही म्हटलंस तर मग मला अडवतेस कशाला? मी गेलो, तरच माणूस होऊन परत येणार. नाही गेलो तर तुझे मामा मला दारात उभं करतील का? कॉलेज सोडलेल्याला कोण देतंय पोरगी? सगळ्या पंचक्रोशीत मला एकच दार दिसतंय, ते युगांडातून उघडतं, आणि तू म्हणतेस जाऊ नको. तुला नेमकं पाहिजे तरी काय?

धुळाप्पाला तुझं म्हणणं सांगितलं. म्हणाला, "तिला म्हणावं, मला ल्हानपणी कावीळ होऊन गेलीय, एकदा झाल्यावर परत होत न्हाय. आन् विमानतळावर कार्ड बघत्यात, दंड बघत न्हाईत." त्याचं खरं आहे. कार्ड आहे ना हातात? मग?

कृष्णराज


लातूर
८ नोव्हेंबर

कृष्णा,

विमानतळावर कार्ड बघतात. डास कार्ड बघत नाही.

आबांची अक्कल मी काढली नाही. आठवीत त्यांनी माझे हात धुतले आणि मग आईला काय म्हणाले ते तू विसरलास, मी नाही. "बाई, आता हिला घेऊन सरळ दवाखाना गाठा, वाटेत कुठं थांबू नका." मी पाच दिवस सरकारी दवाखान्यात सलाईनवर होते. ते माणूस माझ्याशी कधीच खोटं बोललेलं नाही. खोटं मामा बोललेत, त्यांच्या नावावर.

म्हणून नीट वाच, आणि हे पान आबांना मोठ्यानं वाचून दाखव.

ह्या तापाला औषध नाही. बहुतेकांना साधा ताप येऊन जातो. काहींचा दोन दिवस उतरतो, माणसाला वाटतं सुटलो, आणि मग उलटून येतो. डोळे पिवळे, हिरड्यांतून रक्त, काळी उलटी. त्या टप्प्यावर गेलेल्यांपैकी निम्मे परत येत नाहीत. हा डास दिवसा चावतो, तेव्हा रात्री मच्छरदाणी बांधली म्हणून भागत नाही. कारखान्यात काम करतानाही पूर्ण बाह्या, पायात मोजे, उघड्या अंगाला डासांचं मलम. आणि तिथं ताप आलाच तर अंगदुखीच्या गोळ्या मनानं खायच्या नाहीत, रक्त वाहायचं वाढतं. पण हे सगळं लस घेतल्यानंतरचं. धुळाप्पाला सांग, कावीळ होऊन गेल्यानं ह्या तापाला आडकाठी होत नाही. दोन्हीचा संबंध नाही.

लस एकदाच घ्यायची, जन्माला पुरते. मात्र कार्ड टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. म्हणजे २४ ला जायचं तर १४ च्या आत टोचून घ्यायला हवं. आज ८ आहे. आणि केंद्रावर रोज टोचत नाहीत, आधी नंबर लावावा लागतो. तू मला विचारलंस, मला काय पाहिजे. तू जिवंत पाहिजेस. युगांडात नाहीतर सास्तुरात, कुठंही.

आता जे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही ते. तुमची पाच कार्डं मी दिवाळीत लिहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीतही सहा लिहिली होती. ती सहा पोरं जाऊन पाच महिने झाले. त्यांना टोचलं होतं की नाही, मला माहीत नाही. परवा आम्हाला लसीकरण शिकवताना बाई सहज म्हणाल्या, हे कार्ड केंद्राबाहेरच्या कुणी भरणं गुन्हा आहे. मी मान खाली घालून वहीत रेघा ओढत बसले.

मी हे लिहून देणार आहे. कुणाकडं, ते ठरवते.

राजी


सास्तूर
१३ नोव्हेंबर

राजी,

तुझं पान आबांना वाचून दाखवलं. परसात लिंबाखाली बसले होते. मला वाटलं, चिडतील. मीच चिडायच्या तयारीत होतो, म्हटलं, बापाच्या वतीनं निदान भांडून तरी घेऊ.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, घरातून ते ताट आणलं, चुना कालवला, आतून आंब्याच्या झाडाच्या सालीची डबी आणली. माझ्या हाताला साल चोळली आणि म्हणाले, "धू." पाणी पिवळंधमक. मला कसलीही कावीळ नसताना!

म्हटलं, आबा, म्हणजे आजवर सगळं...

"सालीचा रंग हाय त्यो," आबा म्हणाले. "मला काय ठावं न्हाय व्हय? माझ्या बापानं दावलं, त्याच्या बापानं त्याला दावलं. माणूस भेदरून येतो, पाणी पिवळं झालं की त्याचा जीव ठिकाणावर येतो. मग मी सांगतो, त्याल-तूप बंद, आन् जा दवाखान्यात. गेल्याबिगर सोडलंय का कुणाला? इचार गावात. पण कृष्णा, माझ्याकडं येतो त्यो पिवळा झालेला. होऊ नये म्हणून कुणाचं हात म्या धुतलं न्हायीत. आन् आण्णासाहेब माझ्या ह्या पाण्याला लस म्हणतो? माझ्या नावावर लेकरं आफ्रिकेला धाडतो?"

राजी, मी माझ्या बापाला इतकं संतापलेलं कधी बघितलं नव्हतं. आणि मी काय करावं? मी भांडलो. म्हटलं, एवढी वर्षं मला का सांगितलं न्हाय? मी शाळेत पोरांशी मारामाऱ्या केल्या ह्या पाण्यापायी! आबा म्हणाले, "तू इचारलंस कधी?" घ्या!

मग तसाच तिरीमिरीत धुळाप्पाकडं गेलो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझी पोरगी जाऊ देईना म्हणून तू आमचं पण बुडवायला निघालास. पाय मोडून घरी बसायचंय तर बस की, बायकोचा पदर धरून. आजून बायको पण झालेली न्हाय." मी त्याची कॉलर धरली. त्याच्या आईनं, सखूबाईनं, आम्हा दोघांनाही कुत्र्यासारखं हाकललं.

पुण्याच्या केंद्राला फोन लावून लावून बोट झिजलं. शेवटी उचलला. आधीचा नंबर न्हाय, २७ तारीख मिळाली. म्हणजे २४ चं विमान गेलं. बोंबला!

माझं एक ऐक. लिहून द्यायचं तर मी देतो, माझ्या नावानं. तुझं नाव मधे आणू नको. कार्डावर अक्षर तुझं आहे. मामा नामानिराळे राहतील आणि तुला कॉलेजातून काढतील, पोलीस येतील. नाहीतर सरळ मी येरमाळ्याला जातो आणि ते ऑफिसच पेटवून देतो. कार्डं जळाली, अक्षर जळालं, विषय संपला. तू फक्त हो म्हण.

तुझा,
कृष्णा


लातूर
१७ नोव्हेंबर

कृष्णा,

पेटवू नकोस. आईची शपथ आहे तुला. ते कागद जळाले तर त्या सहा पोरांचा पत्ता कुठं शोधायचा? ती कुठं आहेत, टोचून घ्यायची राहिलीत का, हे त्या वहीतूनच कळणार आहे. तुझं डोकं असं पेट्रोलसारखं, आणि मला वाटायचं हाच तुझा गुण!

तुझं पत्र यायच्या आधीच मी काम केलं होतं. आमच्या मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. त्या पहिल्यांदा एवढ्या ओरडल्या की शेजारच्या वॉर्डातली पोरगी बघायला आली. मग त्याच माझ्याबरोबर आल्या. आज सकाळी धाराशिवला, जिल्हा आरोग्य कार्यालयात, मी दोन पानं लिहून दिली. अकराच्या अकरा नावं, तारखा, आणि हे अक्षर माझं आहे असं. त्यांनी पोच दिली. म्हणाले, चौकशी होईल, तुम्हालाही बोलवू. माझं पुढचं वर्ष राहील की जाईल, मेट्रनबाईंनाही सांगता येत नाही.

मला भीती वाटते का? वाटते. आई गेल्यापासून मामांच्या घरात मी जेवले. त्यांनी माझी फी भरली. कधी हात उगारला नाही. रात्री झोपताना तेच आठवतं, आणि मग ती सहा नावं आठवतात. त्यातल्या एकाच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं म्हणून मी मुद्दाम नीट करून लिहिलं होतं. किती काळजीनं लिहिलं होतं मी!

मामांना अजून माहीत नाही. तू त्यांच्याशी भांडायला जाऊ नकोस असं म्हणणार नाही, तू जाणारच. फक्त तुमचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहेत. ते आधी हातात घे, मग बोल. पासपोर्टाशिवाय केंद्रावर लस मिळत नाही. धुळाप्पाला ने. त्याला सांग, डॉक्टर विचारतील त्याची खरी उत्तरं द्यायची. कसली औषधं चालू आहेत, आधीचे आजार, अंड्याचा त्रास, काही लपवायचं नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं, उठून चहाला पळायचं नाही.

आणि तू गप्प बसून त्या विमानात बसलास तर मला पत्र लिहू नकोस.

राजी


सास्तूर
२२ नोव्हेंबर

राजी,

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सत्काराला आबा आणि मी दोघंही गेलो. ऑफिसात खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर फेटा, नारळ, पेढ्याचा डबा. आम्ही पाचही पोरं, आणि धुळाप्पाची आई. धुळाप्पा माझ्याकडं बघेना. आण्णासाहेब पांढऱ्या कपड्यांत, हसतमुख, आबांना म्हणाले, "या बब्रुवानराव, तुमच्याबिगर आमची पोरं पोचायची न्हाईत बगा!"

मी तुझं ऐकलं. पहिल्यांदा म्हटलं, "मामा, पासपोर्ट बघू द्या की, फोटो नीट आलाय का." त्यांनी कौतुकानं पाचही काढून टेबलावर ठेवले. मी माझा उचलून खिशात घातला. मग म्हटलं, मी येणार न्हाय.

"म्हंजे?"

"म्हंजे मला टोचलेलं न्हाय. कुणालाच टोचलेलं न्हाय. तुमचं कार्ड खोटं आहे."

आण्णासाहेब हसले. "अरे, हजारो लोक जात्यात असेच. कार्डाची रीत हाय, रीत पाळायची. बब्रुवानराव, मांडा ताट, पोरगं घाबरलंय."

आबा उठले. पिशवीतून ताट काढलं. मला धडकीच भरली, म्हटलं, म्हातारा मांडतो की काय! पण त्यांनी चुना कालवला, माझ्या हाताला नाही, आण्णासाहेबांच्याच हाताला साल चोळली. "धुवा साहेब." त्यांनी हसत हसत धुतले. पाणी पिवळं झालं.

"तुमाला कावीळ हाय का?" आबांनी विचारलं. "न्हाय ना? आन् पाणी बगा. पोरांनो, ह्या पाण्याच्या भरवशावर कुणी शेजारच्या गावाला पण जाऊ नगा. आन् माझं नाव जर ह्यांनी तुमाला सांगितलं आसंल तर त्यो माझा अपमान हाय." फेटा होता तिथंच ठेवून आबा जिना उतरले.

आण्णासाहेबांचा चेहरा, राजी, मी जन्मात विसरणार न्हाय. हात पिवळे, आणि पुसायला काही सापडेना. धोतराला पुसवेना. मी मोठ्यानं हसलो. हसायला नको होतं. पण मला एवढा संताप आला होता की रडलो असतो न्हायतर.

सगळ्यात आधी सखूबाई उठली. टेबलावरचा धुळाप्पाचा पासपोर्ट उचलला आणि त्याच्या पाठीत एक बुक्की घातली. "ऊठ मुडद्या! मेंढराला सुया टोचतोस दर पावसाळ्याला, तवा कळतंय. सोताच्या येळंला कार्ड दावतोस व्हय!" धुळाप्पा उठला. जाताना मला म्हणाला, "आफ्रिका बुडवलीस माझी." पण पुण्याची तारीख पण विचारली. २७ ला तो माझ्याबरोबर येतोय. बाकीच्या तिघांपैकी दोघांनी पासपोर्ट उचलले. एक बसून राहिला. त्याला तुझी दोन पानं सांगितली, धाराशिवला दिलेली. मग तोही पासपोर्ट उचलून गेला.

मग ऑफिसात आम्ही दोघंच.

आण्णासाहेब हळूच म्हणाले, आवाज नाही चढवला, "धाराशिवला कुणी दिलं?"

"राजीनं."

"सोताच्या हातानं?"

"कार्डं पण तिच्या हातानंच लिहून घेतली तुम्ही. तिला खोटं सांगून. सोताच्या भाचीला, मामा! आई नसलेल्या पोरीला! तिचं अक्षर चांगलं म्हणून? तुमचं चांगलं नव्हतं व्हय?"

मी बोलतच सुटलो. उन्हाळ्यातली सहा पोरं जिवंत आहेत का, कुणी एकाला तरी फोन केलाय का, त्यांच्या घरी काय सांगणार, सगळं. माझा आवाज खालच्या टायरच्या दुकानापर्यंत जात असणार, कारण खाली हवा भरायचं थांबलं होतं. बोलून बोलून घसा बसला. त्यांनी मला थांबवलं नाही. मग पेढ्याच्या डब्याचं झाकण लावलं, नीट, चारी कोपरे दाबून, आणि म्हणाले:

"तुला ती पायजेल ना? घे. ती ह्या घरची राहिली न्हाय आता. पाच-सहा वर्सं मी दुसऱ्याचं लेकरू म्हणून न्हाय, माझंच म्हणून सांभाळलं. तिला सांग, पुन्यांदा उंबरा चढू नको म्हणावं. आन् तू पण लक्षात ठेव. तिचं शिक्षान गेलं, तू काय कमवत न्हाईस, कार्यालयात उद्या तिलाच पयलं बोलवतील. तवा ती कुणाच्या दारात येणार? माझ्याच. आन् हे दार बंद आसंल."

राजी, इतके दिवस मला वाटत होतं, हे दार उघडलं पाहिजे. त्यासाठी कॉलेज, देश, सगळं पणाला लावलं. तुझ्यासाठी म्हणून मी ह्या माणसाला वाकून नमस्कार करत आलो, सणाला पेढे घेऊन आलो. काल पहिल्यांदा मला ते दार नुसतं दार दिसलं. सनमायका उखडलेलं, कडीला गंज.

मी म्हटलं, "ती येणार न्हाय, मामा. ती आमच्याकडं येईल, आबांनी सांगितलंय. न्हाय आली तर तिची मर्जी. तुम्ही दार बंद करायची तसदी घेऊ नका, मी घेतो."

खुर्ची सरळ केली. बाहेर आलो, आणि दार लावून घेतलं.